तोंड सारखं येतं, फोड भरत नाही: घरच्या आरशापासून दवाखान्यापर्यंत काय काय करायचं

तोंड आलं की आपल्याकडे निदान घरातच होतं: उष्णता झाली. खान्देशात ते पटतंही लगेच. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास, ताटात काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि वर मिरचीचा ठेचा. उष्णता नाही तर दुसरं काय होणार? मग सब्जा, गुलकंद, मेडिकलमधून आणलेली पिवळी कॅप्सूल, आणि आठ दिवसांत तोंड बरं. बहुतेक वेळा ते खरोखर बरं होतं, कारण साधा छाला काही लावा किंवा लावू नका, एक-दोन आठवड्यांत आपोआप भरतो.

हा लेख त्यापुढच्या दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक, ज्यांचा फोड आठवड्यांमागून आठवडे गेले तरी भरत नाही. दोन, ज्यांचा भरतो, पण महिना-दीड महिन्यात नवा येतो. तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवताना मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते उशिरा आलेल्या माणसाचं. त्याने दुखणं अंगावर काढलेलं नसतं, उपाय तर तो करतच असतो. फक्त ते सगळे उष्णतेवरचे असतात, आणि तोंडात काय आहे ते तोवर कुणी नीट पाहिलेलं नसतं. म्हणून सुरुवात पाहण्यापासून करू.

पहिली पायरी: तोंड पूर्ण बघा

सकाळी खिडकीजवळ बसा, हातात आरसा घ्या आणि घरातल्या कुणाला तरी मोबाइलची बॅटरी धरायला सांगा. कवळी असेल तर काढा. चूळ भरा, हात साबणाने धुवा.

आधी खालचा ओठ बाहेर उलटवा आणि ओठ व हिरडी यांच्यामधली खोबण बघा. तंबाखूचा बार तिथेच बसतो. मग वरचा ओठ. मग बोटाने गाल बाहेर ओढून अगदी शेवटच्या दाढेपर्यंत नजर टाका, दोन्ही बाजूंनी. जीभ बाहेर काढा, तिचं टोक स्वच्छ रुमालाने धरा आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे ओढा. जिभेच्या कडेचा मागचा भाग घरात कुणीच बघत नाही आणि धोक्याच्या जागांपैकी तो एक आहे, तेव्हा इथे घाई करू नका. जीभ टाळूला लावली की जिभेखालची जमीन दिसते. डोकं मागे टाकलं की टाळू. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवून गाठ लागते का ते चाचपा.

आणखी एक तपासणी फार सोपी आहे. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकमेकांना चिकटवून उभी धरा आणि पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घाला. आपल्याच हाताची तीन बोटं आपल्या तोंडात गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर ती गोष्ट लिहून ठेवा, पुढे तिच्याकडे यायचं आहे.

जे दिसेल त्याचा फोटो काढा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत फोड भरून गेला तर हाच फोटो उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: तारीख लिहा

फोड पहिल्यांदा दिसला किंवा जाणवला तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ‘बरेच दिवस झाले’ हे उत्तर मी रोज ऐकते, आणि त्यात दहा दिवसही असतात नि चार महिनेही.

नियम असा धरा. दोन आठवड्यांत फोड लहान होत गेला, दुखणं कमी होत गेलं, तर काळजीचं कारण नाही. दोन आठवड्यांनीही तसाच असेल तर दाखवून घ्या. तीन आठवडे ओलांडले तर घरचे सगळे उपाय थांबवून दवाखाना गाठायचा, मग तो दुखत असो वा नसो.

‘दुखत नाही’ हे इथे मुद्दाम म्हणते आहे. दोन दाण्यांएवढ्या फोडाने माणूस जेवण सोडतो आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात येतो, तो फोड बहुधा साधा निघतो. उलट गालात एक कडक, खरखरीत जागा आहे, कधी रक्त येतं, पण दुखत नाही म्हणून पोळ्याला दिसलेली गोष्ट दिवाळीनंतर दाखवायला येते. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही. दुखेपर्यंत वाट बघितली तर तो पुढे सरकलेला असतो.

तिसरी पायरी: दिसतं ते कशासारखं आहे?

निदान डॉक्टर करतील. पण काय दिसतंय याची थोडी समज घरात असली तर निम्मी घाबरगुंडी आणि निम्मी चालढकल दोन्ही टळतात.

गोल किंवा लांबट, मध्ये पिवळट-पांढरा, भोवती लाल कडा, दाबलं तर मऊ, ओठाच्या आत, गालात किंवा जिभेखाली आणि मीठ-तिखट लागताच झोंबणारा: हा नेहमीचा छाला. तो संसर्गाचा नाही, एकाच ताटात जेवल्याने दुसऱ्याला होत नाही. साधारण एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. त्याहून मोठा आणि खोल छाला भरायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि मागे वण राहतो. तो स्वतःच्या मनाने साधा ठरवू नये.

ओठाच्या बाहेरच्या कडेवर आधी चुणचुण, मग पाण्याच्या बारीक फोडांचा झुबका, मग खपली, हा नागिणीच्या कुळातल्या पण वेगळ्या विषाणूचा त्रास आहे. तो पसरतो. त्या दिवसांत लहान बाळाचे मुके घेऊ नका, टॉवेल वेगळा ठेवा.

दह्याच्या सायीसारखा पांढरा थर, जो पुसला तर निघतो आणि खाली लाल दिसतं, तो बुरशीचा असतो. कवळी रात्रीही न काढणारे आजी-आजोबा, मधुमेह असलेले, दम्याचा पंप ओढून चूळ न भरणारे आणि नुकताच अँटिबायोटिकचा कोर्स झालेले यांच्यात तो जास्त दिसतो.

पुसून न निघणारा पांढरा चट्टा किंवा मखमलीसारखा लाल चट्टा वेगळा. तो कॅन्सर असेलच असं नाही, पण त्याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होऊ शकतं, आणि लाल चट्ट्यात हा धोका पांढऱ्यापेक्षा बराच जास्त. इथे तीन आठवडे मोजत बसायचं नाही. दिसला की दाखवायचा.

दोन्ही गालांत आतून पांढऱ्या जाळीसारख्या रेषा आणि तिखटाने आग, हाही एक दीर्घकाळ चालणारा आजार असतो. तोंडात पाण्याचे मोठे फोड येऊन फुटतात, सालं निघतात, महिनोनमहिने चालतं, अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ लागतात. काही आजार अंगावर दिसण्याच्या कितीतरी आधी तोंडात सुरू होतात.

चौथी पायरी: कारण शोधा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. माझा क्रम नेहमी जवळच्या कारणापासून दूरच्या कारणाकडे जातो.

दात आणि कवळी. फोड एकाच जागी पुन्हा पुन्हा येत असेल तर त्या जागेसमोरचा दात बघा. तुटलेल्या दाढेची धार, निखळलेलं सिमेंट, सैल कवळीची कड, दातांच्या तारेचं टोक रोज शेकडो वेळा तिथे घासतं. कापसाच्या वेचणीच्या दिवसांत एक मावशी आल्या होत्या. जिभेच्या उजव्या कडेला फोड, आणि बरोबर समोर किडून अर्धी उरलेली दाढ, सुईसारखी टोकदार. जिभेला औषधं लावून ट्यूब संपल्या होत्या, दाढेकडे कुणी पाहिलं नव्हतं. ती धार घासून गुळगुळीत करायला काही मिनिटं पुरतात. पण त्यानंतरही दोन आठवड्यांनी परत बोलावतो, आणि यायचंच. घासणारी वस्तू काढल्यावर फोड भरला पाहिजे. भरला नाही तर कारण केवळ दात नव्हता असं धरून पुढची तपासणी करावी लागते.

टूथपेस्ट. जास्त फेस येण्यासाठी बऱ्याच पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं. वारंवार छाले येणाऱ्या काही जणांना ते सोसत नाही. पाकिटावर घटक वाचून ते नसलेली पेस्ट दोनेक महिने वापरून बघा. खर्च नाही, धोका नाही.

तंबाखू, चुना, सुपारी, मशेरी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खान्देशात तोंडाच्या न भरणाऱ्या जखमेची गोष्ट यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. शेतात, केळीच्या कापणीला, जिनिंगवर, एसटीच्या स्टँडवर, चुन्याची डबी आणि पुडी सगळीकडे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू वेगळी, सुपारी वेगळी घेऊन हातावर मळलेला मावा सहज मिळतो.

चुना तीव्र अल्कली आहे, तो नाजूक त्वचा भाजतो. रोज त्याच खोबणीत बार ठेवला की तिथली त्वचा पांढरी, जाड, सुरकुतलेली होते. हा शरीराचा पहिला इशारा असतो. सुपारीचं वेगळं. ‘मी तंबाखू खात नाही, फक्त गोड सुपारी खातो’ असं सांगणारी तरुण मुलं येतात, आणि त्यांना बारीक तिखटही सोसत नाही, गाल आतून पांढरट आणि ताठ झालेले असतात, तीनऐवजी दोनच बोटं तोंडात जातात. सुपारीने गालाखाली तंतू साचत जातात आणि तोंड हळूहळू मिटत येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीलाही, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंड एकदा मिटत आलं की पूर्वीसारखं उघडणं अवघड असतं. सुपारी थांबवली तर ते आणखी मिटणं मात्र पुष्कळदा रोखता येतं. म्हणून ती तीन बोटांची तपासणी घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या पोरांचीही करा.

मशेरीबद्दल बायकांशी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं आणि ते खोटं नसतं, कारण मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे. म्हणून मी विचारते, ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ सकाळी, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी चुलीपुढे असं उत्तर आलं की समजतं. भाजलेली तंबाखूच ती. तपकिरीचंही तसंच. घरातल्या आजीला, आईला, काकूला हा प्रश्न तुम्हीच विचारा, दवाखान्यात सासऱ्यासमोर किंवा मुलासमोर त्या सांगणार नाहीत.

रक्त. एका जागी न येता आज इथे उद्या तिथे असे छाले येत राहतात, जीभ गुळगुळीत लालभडक दिसते, ओठांचे कोपरे फाटतात, जिना चढताना दम लागतो, तळपायाला मुंग्या येतात, तर लोह, बी-१२ किंवा फोलिक अ‍ॅसिड कमी असण्याची शक्यता आहे. बी-१२ नैसर्गिकरीत्या मांस, मासे, अंडी, दूध आणि दुधाच्या पदार्थांतच मिळतं. माळकरी किंवा पूर्ण शाकाहारी घरात दूधही चहापुरतंच उरलं असेल तर ते कमी पडणार. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा पित्ताची गोळी रोजची झाली असेल, तरी बी-१२ घटू शकतं. बायकांत पाळीला जास्त रक्त जाणं हे लोह कमी होण्याचं नेहमीचं कारण, आणि पुरुषांत मूळव्याध. मूळ कारण तसंच ठेवून नुसत्या गोळ्या घेतल्या तर छाले पुन्हा येतातच.

नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात एक गोष्ट जास्त लक्षात ठेवायची. तिथल्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तिथे रक्त कमी असण्याचं कारण नेहमी लोहाची कमतरता असेलच असं नाही. ज्याला सिकलसेल आजारामुळे पुन्हा पुन्हा रक्त चढवलं गेलं आहे त्याच्या शरीरात लोह उलट साठलेलं असू शकतं. म्हणून सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

चालू औषधं. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. सांधेदुखीत ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंडभर फोड येतात, आणि ते शरीरात औषध जास्त झाल्याचं लक्षण असतं. अशा वेळी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. हृदयाच्या दुखण्यावरची निकोरॅन्डिल आणि काही वेदनाशामक गोळ्यांनीही तोंडात व्रण होतात. नवीन औषध सुरू केल्यावर काही दिवसांत तोंडात फोड, डोळे लाल आणि अंगावर फोड किंवा चट्टे असं एकत्र दिसलं तर वाट बघू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

बिडी-सिगारेट नुकतीच सोडली असेल तर पहिल्या काही आठवड्यांत छाले येऊ शकतात. ‘सोडली म्हणून तोंड आलं’ असं म्हणत लोक परत सुरू करतात. हा काळ सरतो, धीर धरा.

झोप आणि ताण. परीक्षा, लग्नघर, बाजारभाव पडलेला हंगाम, रात्रपाळी, अशा दिवसांत छाले जास्त येतात. काही जणींना पाळीच्या आधी येतात. घराण्यातही चालत येतात.

पोट आणि बाकी शरीर. छाल्यांबरोबर महिनोनमहिने जुलाब, शौचातून रक्त, वजन घटणं असेल तर आतड्याचा आजार तपासावा लागतो. छाल्यांबरोबर जननेंद्रियावर व्रण आणि डोळे लाल होत असतील तर फिजिशियनला सगळं एकत्र सांगा, लाजू नका. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात मोफत आणि गुप्त ठेवून होते. डॉक्टरांनी सुचवली तर अपमान वाटून घेऊ नये.

पाचवी पायरी: घरी काय करायचं

कारण सापडेपर्यंत जेवण चालू राहिलं पाहिजे. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ खेळवा. मीठ फारच झोंबत असेल तर त्याऐवजी खाण्याचा सोडा तेवढाच. फोडावर घरचं तूप लावलं तर जेवताना झोंबणं कमी होतं. जाईचा पाला चावून थुंकणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. साध्या छाल्यात त्याने बरं वाटत असेल तर जरूर करा, फक्त दोन-तीन आठवड्यांचा नियम मोडू नका.

ताटात थोडा बदल करावा लागतो. दादरची (ज्वारीची) भाकरी सोडायची गरज नाही, पण तिचा वाळलेला काठ फोडाला ओरखडतो. दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून खा. मुगाची खिचडी तुपासोबत, मऊ भात, उकडलेल्या भाज्या, गोड ताजं दही, आणि केळं तर आपल्या जिल्ह्याचंच. ठेचा, शेवभाजी, हिरव्या मिरचीचं भरीत, बिबडे, पापड, बट्टीचा कडक पापुद्रा, चिंच-लिंबू हे फोड भरेपर्यंत बाजूला. चहा कोमट करून प्या. उन्हात काम असेल तर पाणी जास्त, कारण कोरड्या तोंडात त्वचा लवकर सोलते. ब्रश मऊ घ्या, पण दात घासणं थांबवू नका. तोंड आलं म्हणून चार दिवस दात न घासणारे खूप आहेत, त्याने जखमेत घाण साचून दुखणं वाढतं.

मेडिकलमधून आणायचंच असेल तर दुखणं बधिर करणारं जेल जेवणाआधी लावायला ठीक. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश दोन आठवड्यांपेक्षा जास्त सलग वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. पेस्टने दात घासल्यावर अर्ध्या तासाने तो घ्या. तोंडात चिकटून राहणारं स्टेरॉइडचं मलम साध्या छाल्यावर चांगलं काम करतं, पण बुरशी किंवा विषाणूचा फोड असेल तर नुकसान करतं. म्हणून ते डॉक्टरांनी फोड बघून दिलेलं असावं. लावताना जागा कापसाने टिपून कोरडी करा, झोपण्याआधी बोटाने हलका थर ठेवा, चोळू नका.

काय लावायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. तुरटीचा खडा, लवंगेचं तेल, चुना, मशेरी फोडावर लावू नका. दात दुखतो म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवणारे अजून भेटतात. ती जागा पांढरी पडून भाजते, आणि मग ‘तोंड आलं’ म्हणून तेच येतात. तान्ह्या बाळाच्या तोंडात मध किंवा टाकणखार तर कधीच नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते आणि टाकणखार विषारीच आहे.

लहान मुलांचं एवढंच: ताप आणि तोंडभर फोड एकदम आले, किंवा तोंडासोबत तळहात-तळपायावर पुरळ उठलं, तर बहुधा विषाणू असतो आणि तो आपणहून जातो. खरी भीती पाणी न पिण्याची. मूल पाणी टाकत असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, मलूल पडलं असेल तर लगेच दवाखान्यात न्या.

सहावी पायरी: रक्त तपासणी, गोळ्यांच्या आधी

छाले वारंवार येत असतील तर सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, फोलिक अ‍ॅसिड आणि साखर एवढ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. पंधरा दिवस बी कॉम्प्लेक्स खाऊन मग बी-१२ तपासलं तर आकडा चांगला दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. गोळ्या आधीच खाल्ल्या असतील तर तसं स्पष्ट सांगा.

हिमोग्लोबिन बायकांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. लोहाची गोळी सुरू झाली तर ती चहासोबत घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतलेली चालेल, फक्त छाला ताजा असताना लिंबू झोंबेल. शौचास काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन ठीक झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते, तरच साठा भरतो. बरं वाटलं की गोळी सोडणं, हे आपल्याकडे छाले परत येण्याचं मोठं कारण आहे.

सातवी पायरी: कुणाकडे आणि कसं जायचं

आधी जवळच्या दंतवैद्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत होते. गावातल्या आशाताईंना विचारलं तर दिवस आणि जागा सांगतील. पुढची तपासणी लागली तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दंत विभाग किंवा कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर काढा.

सोबत काय न्यायचं? फोड दिसल्याची तारीख, काढलेले फोटो, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट, आणि तंबाखू, सुपारी, मशेरी किती वर्षं, दिवसाला किती, याचं खरं उत्तर. तुमचं वय आणि सवय यावरून डॉक्टर ठरवतात की किती लवकर काय करायचं. कमी सांगितलं तर नुकसान आपलंच.

घाई करायची ती अशा वेळी: फोडाची कड कडक आणि उंचवट्याची, हात लागताच रक्त, दात आपोआप हलायला लागणं, ओठ किंवा जीभ बधिर, गिळताना त्रास, एकाच बाजूचा कान ठणकणं, मानेत न दुखणारी गाठ. यातलं एकही असेल तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नका.

डॉक्टर फोडाचा छोटा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) सांगतात तेव्हा घरात कुजबुज सुरू होते: ‘लोखंड लागलं की पसरतं.’ ही भीती मी गावोगाव ऐकली आहे, आणि तिच्यामुळे लोक घरी परत गेलेले पाहिले आहेत. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करून चण्याच्या डाळीएवढा किंवा त्याहूनही लहान तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो, त्याच दिवशी घरी येता येतं. त्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, हे कुणीही, कितीही अनुभवी असलं तरी, खात्रीने सांगू शकत नाही. पसरतो तो वाट बघण्याने. तोंडाचा कॅन्सर लहान असताना सापडला तर बहुतेकांना एका शस्त्रक्रियेने बरं होता येतं, आणि बोलणं-गिळणंही पुष्कळसं टिकतं. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा.

तंबाखू सोडायची असेल तर ती एकट्याच्या जिद्दीवर सोडू नका. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात. सोडायची तारीख ठरवा, डबी घरातून काढा, शेतात बडीशेप किंवा भाजलेले तीळ खिशात ठेवा. सुपारीचा तुकडा मात्र नको. तलफ काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ पाणी प्या, चाला, कुणाशी बोला. निकोटिनच्या च्युइंगम मिळतात, पण तोंडात जखम असताना त्या झोंबतात, तेव्हा पट्टीबद्दल डॉक्टरांना विचारा. चार दिवसांनी पुन्हा खाल्ली तर पुन्हा सोडा, बऱ्याच लोकांना ती दोन-तीन प्रयत्नांनंतरच सुटते.

रिपोर्ट साधा आला की फाइल कपाटात जाते आणि माणूस परत येत नाही. तसं करू नका. फोड पूर्ण भरला का हे दाखवायला दिलेल्या तारखेला जा. पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तोंड कमी उघडत असेल, तर रिपोर्ट साधा असला तरी डॉक्टर सांगतील तसं दर तीन ते सहा महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं. मधल्या काळात महिन्यातून एकदा खिडकीजवळ बसून आरसा, बॅटरी आणि तीन बोटं, एवढं घरच्या घरी.